पोथीतलं कात्रण आणि वाईची चंपूताई

पत्र:
ताई, माझी आजी (आईची आई) वाईची, जन्म १९२१. तिला एक थोरली बहीण होती, घरात सगळे तिला चंपू म्हणायचे. आजी एवढंच सांगायची की कायदा येणार म्हणून घाईघाईत चंपूताईचं लग्न उरकलं, मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पुढचं काहीच माहीत नाही, सासरचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. आजी जाऊन पंधरा वर्षं झाली. आता घर आवरताना तिच्या पोथीत पेपरचं एक कात्रण मिळालं: "कोरेगांव, ता. १२ : येथील हायस्कुलांतील शिक्षक श्री. माधवराव ... यांच्या पत्नी सौ. इंदिराबाई यांचें गेल्या सोमवारीं अल्पशा आजारानें दुःखद निधन झालें. मृत्युसमयीं त्यांचें वय ४२ वर्षांचें होतें. त्यांच्या पश्चात् पति, दोन मुलगे व एक मुलगी असा परिवार आहे." आडनाव नेमकं घडीवर येऊन झिजलंय. पेपरचं नाव नाही, साल नाही. मागे कापडाच्या दुकानाची अर्धी जाहिरात आहे, त्यात "नारळी पौर्णिमेनिमित्त" आणि "८५ न. पै." एवढं वाचता येतं. ही चंपू असेल का? मी चंपू आणि इंदिराबाई दोन्ही नावांनी नेटवर खूप शोधलं. लग्नाची बातमी सापडेल म्हणून केसरीच्या जुन्या फायली बघू का? पणजोबा (आजीचे वडील) १९६३ साली गेले, वाईचा वाडा आईच्या मामांनी सत्तरच्या आसपास विकला. आणखी एक, उपयोगाचं आहे की नाही कळत नाही, पण आजी दर श्रावणात पहिल्या सोमवारी एका सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरायची, आणि त्या दिवशी फारशी कोणाशी बोलायची नाही.
नात, डोंबिवली

उत्तर:
अगं नाती, तुझं पत्र वाचून मी चहा गार होऊ दिला, आणि हे माझ्याकडून सहसा होत नाही. तुला वाटतंय की तुझ्या हातात काहीच नाही, पण तू जे पाठवलंयस ना, त्यात बरंच काही आहे, फक्त तू ते उलट्या बाजूने वाचतेयस.

पहिलं म्हणजे नावाने शोधणं आधी बंद कर. आपल्याकडे बाईचं लग्न झालं की आडनाव तर जातंच, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि त्या काळात तर पहिलं नावही तांदळात लिहून बदलायचे, म्हणजे तीनपैकी तीन शब्द गेले, शोधणार कशावर? डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि रमाबाई रानडे? त्याही माहेरच्या यमुनाच! टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. या मोठ्या घरातल्या, चरित्रं लिहिली गेली म्हणून आपल्याला माहीत, बाकीच्या हजारो यमुना कुठे गेल्या ते कोण सांगणार. त्यामुळे "चंपू" हे नाव पेपरात कधीही सापडणार नाही, आणि "इंदिराबाई" हे बहुतेक सासरचंच नाव आहे. का म्हणते बघ, नवरा माधव. माधव म्हणजे विष्णू, इंदिरा म्हणजे लक्ष्मी. नवऱ्याच्या नावाला जोड लावून बायकोचं नाव ठेवायची ही नेहमीची पद्धत होती, विष्णूला लक्ष्मी, शंकराला पार्वती, रामाला जानकी. म्हणजे कात्रणातल्या बाईंचं माहेरचं नाव वेगळं असणार. हा पुरावा नाही, पण चंपू इंदिरा कशी झाली हा प्रश्न तरी त्यामुळे अडत नाही.

आता लग्नाची बातमी. नको शोधूस. तुझी आजी "कायदा येणार म्हणून" म्हणायची तो सारडा कायदा, मुलीचं वय किमान १४ असं ठरवणारा, मंजूर झाला १९२९ च्या सप्टेंबरअखेर आणि लागू झाला १ एप्रिल १९३० ला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी पोरीबाळींची लग्नं अक्षरशः उरकून टाकली, तुझ्या आजीने शब्दही तोच वापरलाय बघ. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे मार्गशीर्ष नाहीतर माघ-फाल्गुन, शके १८५१. आजी १९२१ ची, तेव्हा नऊ वर्षांची, सगळं जुळतं. पण अशी साध्या घरातली लग्नं पेपरात छापून येत नव्हती गं. पेपरात यायची ती पुनर्विवाहाची, आंतरजातीय, नाहीतर कुठल्या संस्थानिकाच्या घरची. बाकीच्यांची पत्रिका निघायची, अक्षत द्यायला माणूस जायचा, संपलं. मी स्वतः माझ्या आजोबांच्या आत्यासाठी एका लायब्ररीत आठ दिवस बसून दोन वर्षांच्या फायली उलटल्या, शिंकून शिंकून नाक लाल झालं, आणि हाती आल्या त्या केसांच्या तेलाच्या जाहिराती.

त्याच आत्याच्या नादात मी आणखी एक घोळ घातला होता तोही सांगते, म्हणजे तू घालणार नाहीस. मला एक निधनाची बातमी मिळाली, गाव तेच, आडनाव तेच, मी आनंदाने त्या घरी फोन करून मोकळी. बातमीत नावाआधी "गं. भा." होतं ते मी बघितलंच नाही, म्हणजे त्या बाई वारल्या तेव्हा विधवा होत्या, आणि आमची आत्या तर नवऱ्याच्या आधी गेलेली, घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट! त्या लोकांनी मला चांगुलपणाने अर्धा तास ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, अहो बाई, आमची आजी ती नव्हे. तेव्हापासून मी जुन्या नोटिशीत नाव नंतर वाचते, आधी नावाच्या पुढे काय लावलंय ते बघते. कु., चि. सौ. कां., सौ., गं. भा., श्रीमती, ही अडीच अक्षरं बाईची अख्खी परिस्थिती सांगतात. तुझ्या कात्रणात "सौ." आहे आणि खाली "पश्चात् पति" आहे, म्हणजे बाई अहेव गेल्या. हे डोक्यात ठेव, शेवटी लागणार आहे.

आता कात्रणाचं वय काढू, मला यात सगळ्यात मजा आली. "यांचें", "सोमवारीं", "झालें", हे डोक्यावरचे जास्तीचे अनुस्वार बघ. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले. सगळ्या छापखान्यांनी एका रात्रीत खिळे बदलले असं नाही, पण ढोबळमानाने कात्रण त्याच्या आसपासचं किंवा आधीचं. मागे "न. पै.", म्हणजे नवे पैसे, ते आले १ एप्रिल १९५७ ला आणि त्यातला "नवे" गेला १९६४ च्या जूनमध्ये. म्हणजे १९५७ ते ६२-६३ एवढाच पट्टा उरला. मग नारळी पौर्णिमा. जाहिरात सणाच्या आधी देतात, नंतर नाही, आणि बातमीची तारीख आहे १२. जुलैच्या १२ ला कोणी नारळी पौर्णिमेचा सेल लावत नाही, तेव्हा ही १२ ऑगस्ट. मी जुनी पंचांगं काढून बसले. १९५७ ला नारळी पौर्णिमा १० ऑगस्टला आणि १९६० ला ७ ऑगस्टला होऊन गेली होती, ही दोन वर्षं बाद. १९५८ ला १२ ऑगस्ट होता मंगळवार, मंगळवारी बातमी लिहिणारा वार्ताहर "काल" लिहील, "गेल्या सोमवारीं" कशाला लिहील? तेही जवळजवळ बाद. १९६३ मध्येही १२ तारखेच्या आधीच झाली होती. राहिली तीन वर्षं आणि तीन सोमवार: १० ऑगस्ट १९५९, ७ ऑगस्ट १९६१ आणि ६ ऑगस्ट १९६२.

वय ४२ धरलं तर बाईंचा जन्म अनुक्रमे १९१७, १९१९ किंवा १९२० चा. १९२० असेल तर चंपू तुझ्या आजीपेक्षा एकाच वर्षाने मोठी आणि लग्नात नऊ-दहा वर्षांची, अशक्य नाही पण "थोरली" म्हणताना आजीच्या बोलण्यात जो मान असायचा (असायचा ना?) तो एका वर्षाच्या फरकाला येत नाही. १९१७ असेल तर लग्नात बारा-तेरा, आणि कायदा चौदाचा, म्हणजे घाई करायला अगदी नेमकं कारण. माझं मत १९५९. पण पेपरातली वयं आणि आपल्या आज्यांची वयं, दोन्ही दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात, त्यामुळे तिन्ही तारखा घेऊनच कोरेगावला जायचं.

हो, आधी कोरेगाव, पेपर नंतर. सगळे नेमकं उलटं करतात. तुझ्याकडे गाव आहे, तीन तारखा आहेत, नवऱ्याचं नाव आहे, बायकोचं नाव आहे, मग मृत्यूची नोंद का नाही शोधायची? कोरेगावला तेव्हा ग्रामपंचायत होती आता नगरपंचायत आहे, तिथे जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं विचार, आणि तिथे हात वर केले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ विचार, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात, कुणबी नोंदींच्या शोधामुळे आता तिथल्या क्लार्कनाही ते कुठल्या कपाटात आहे हे पाठ झालंय. एक लक्षात ठेव, जुन्या सरकारी दप्तरात बाईची नोंद पेपरासारखी "सौ. अमुक तमुक" अशी नसते, "इंदिरा कोम माधव", नाहीतर "मर्द माधव" किंवा "भ्रतार माधव" अशी असते, हे तिन्ही शब्द म्हणजे अमक्याची बायको. विदर्भ-मराठवाड्याकडे हेच "जौजे" होतं. माझ्या ओळखीच्या एकीने "मर्द" वाचून हा पुरुष आहे म्हणून अख्खं पान सोडून दिलं होतं! ऑगस्टचंच पान बघून थांबू नकोस, नोंद उशिराही व्हायची, सप्टेंबर संपेपर्यंत बघ.

मग पेपर. बातमी एकदाच येते असं समजू नकोस, खेड्यातली शिक्षकाची बायको गेली तरी चार-सहा दिवसांनी "आभार" येतो, आमच्या दुःखात सहभागी झालेल्यांचे वगैरे, आणि त्याखाली नवऱ्याचं पूर्ण नाव आडनावासकट असतं कारण तो पैसे देऊन छापलेला असतो. वर्षाने पुण्यस्मरण येतं, तिथेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकच मृत्यू दोन पेपरात दोन बाजूंनी छापून येतो. सासरच्या गावचा वार्ताहर "शिक्षक माधवराव यांच्या पत्नी" लिहितो, तर माहेरच्या गावचा "वाईचे अमुक यांच्या ज्येष्ठ कन्या" असं लिहितो. तुला ती दुसरी बातमी मिळाली तर खेळच संपला, कारण त्यात दोन्ही टोकं एका वाक्यात बांधलेली असतात. साताऱ्याच्या स्थानिक पेपरांसाठी साताऱ्याच्या नगरवाचनालयात विचार, पुण्याच्या पेपरांसाठी आईला विचार की आजीच्या घरी कुठला पेपर यायचा, कारण आजीने कात्रण घरातल्याच पेपरातून कापलं असणार. 'सकाळ' १९३२ पासून आहे, आणि केसरीच्या फायली बघायच्या तर नारायण पेठेतला गायकवाड वाडा. फक्त "मला १९५० ते ६५ बघायचंय" असं सांगत जाऊ नकोस, ग्रंथपाल मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. "ऑगस्ट ५९, १२ ते ३१" असं सांग, बघ कसा पटकन उठतो. ६१ ची फाइल उघडलीस तर आजूबाजूला पानशेतचंच सगळं असणार, धरण फुटून तेव्हा महिनाच झाला होता. तुझ्या कात्रणाच्या कडेला पूर, मदतनिधी असा एखादा अर्धामुर्धा शब्द आहे का, भिंग लावून एकदा बघ.

आता वाडा. हे तू पत्रात सहज लिहून गेलीस, माझ्या मते तीच तुझी सगळ्यात मजबूत कडी आहे. बायकांची नावं पेपरात कोणी हौसेने छापत नव्हतं, पण जिथे पैशाचा आणि सहीचा प्रश्न येतो तिथे छापावीच लागायची. हिंदू वारसा कायदा लागू झाला १७ जून १९५६ ला. त्याआधी बाप वारला की वारसांत मुलगे असले तर मुलींचं नाव सहसा यायचंच नाही. त्यानंतर मुलगीही वारस, आणि नीट ऐक, मुलगी बापाच्या आधी वारली असेल तर तिची मुलंही वारस. पणजोबा १९६३ ला गेले. कात्रणातली बाई चंपू असेल तर ती त्यांच्या आधी गेली. म्हणजे पणजोबांच्या वारसनोंदीत "मयत मुलगी इंदिराबाई हिचे वारस" म्हणून दोन मुलगे आणि एक मुलगी यांची नावं यायला हवीत, त्यांच्या बापाच्या नावाने, त्यांच्या आडनावाने. दोन मुलगे, एक मुलगी, कात्रणाशी ताडून बघायला आकडासुद्धा आयता आहे.

आता प्रत्यक्षात काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे, मृत्युपत्र करून वाडा मुलाला दिलेला असायचा, नाहीतर तलाठ्याला सांगताना बहिणींची नावं "विसरली" जायची. तरी विकताना घोडं अडतं, घेणाऱ्याचा वकील सर्च घेतो, म्हणजे मिळकतीचे जुने व्यवहार तपासतो, मग बहिणींकडून आणि भाच्यांकडून हक्कसोड लिहून घेतात, आणि पेपरात ती आपली ओळखीची जाहीर नोटीस येते, "तमाम लोकांस कळविण्यात येते की", खाली गहाण, दान, वारसा, पोटगी असा कोणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवा. वाईच्या सिटी सर्व्हेमधून वाड्याची मिळकत पत्रिका काढ, जुन्या नोंदींसकट असं स्पष्ट सांगून, नाहीतर आजच्या मालकाच्या नावाचा कागद हातात ठेवतील. त्यावर विक्रीची तारीख मिळेल. मग वाईच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या वर्षाची इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांची सूची), हक्कसोडपत्र नोंदवलेलं असलं तर तिथे दिसेल. आणि जाहीर नोटीस हवी असेल तर विक्रीच्या तारखेआधीचे दोन-तीन महिने. माझी आत्या मला शेवटी अशीच सापडली, एका गोठ्याच्या नोटिशीत. माहेरचं नाव, "लग्नानंतरचे नाव", सासरचं गाव, सगळं एका ओळीत, आणि ते छापायला कारण काय, तर साडेचार गुंठे.

शाळेचं राहिलं. माधवराव हायस्कुलात शिक्षक, मुलं बहुधा त्याच शाळेत शिकली असणार. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे जन्मस्थळाचा रकाना असतो, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली पद्धत. थोरल्या मुलाच्या रकान्यात "वाई" लिहिलेलं असेल तर मी तुला इथूनच पेढे पाठवीन. पण त्या रजिस्टरचा उतारा शाळा कोणालाही देत नाही आणि देऊही नये, तू तिथे भांडत बसू नकोस, शतक महोत्सव, सुवर्णमहोत्सवाची एखादी स्मरणिका आहे का एवढं विचार, जुन्या शिक्षकांची यादी त्यात फोटोसकट असते आणि ती कोणीही बघू शकतं.

समजा आडनाव मिळालं, घर मिळालं, तर लगेच फोन लावू नकोस (माझं उदाहरण वर दिलंच आहे). पत्र लिही, साधं, हाताने. समोर आता चंपूची मुलं असली तर ऐंशीच्या घरातली असतील, आणि वाड्याच्या हक्कसोडीवरून तेव्हा काही कटुता झाली असेल तर त्यांना पहिली शंका हीच येणार की ही मुलगी एवढ्या वर्षांनी कशाला आली. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिही की मालमत्तेचा काही विषय नाही. हसू नकोस, हे लिहावं लागतं. कात्रणाची झेरॉक्स जोड, मूळ कात्रण कुठेही पाठवू नकोस, आणि कृपा करून ते लॅमिनेट करू नकोस, घडीवर झिजलेलं आडनाव कधीतरी चांगल्या स्कॅनरवर दिसेलही, प्लास्टिकखाली गेलं की गेलंच.

आता ते श्रावणाचं, जे तू उपयोगाचं आहे की नाही म्हणून शेवटी लिहिलंस. मी तीन सोमवार काढले होते ना, ते पंचांगात पुन्हा बघितले. ७ ऑगस्ट १९६१ ला अजून आषाढ होता. १० ऑगस्ट १९५९ हा पहिला श्रावणी सोमवार. ६ ऑगस्ट १९६२, तोही पहिला श्रावणी सोमवार. म्हणजे ६१ सोडलं तर कात्रणातली बाई अहेव गेली ती पहिल्या श्रावणी सोमवारी, आणि तुझी आजी त्याच दिवशी एका सवाष्णीची ओटी भरून गप्प बसायची. श्रावणी सोमवारी सवाष्ण खूप घरांत जेवते, त्यामुळे योगायोगही असेल, मी त्यावर पैज लावणार नाही. पण आज संध्याकाळी आईला एक गोष्ट विचार आणि मला कळव: ती सवाष्ण दर वर्षी वेगळी असायची, की एकच बाई कुठूनतरी बसने यायची?